काड्यांचा वाडा

उजनी धरणाचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. भीमाकाठची गावं उठली, त्यात आमचंही. पंचनाम्यात आमचा वाडा एका ओळीत बसला : दगडमातीचे जुने घर, माळवदी. आप्पांना ती ओळ लई लागली. "अकरा खणांचा वाडा, अन् लिहिलं काय, तर जुनं घर!" उठायच्या आधी त्यांनी गाठी मारलेल्या दोरीनं सगळा वाडा मोजून घेतला.

नव्या गावठाणात त्यांनी काड्या जमवायला घेतल्या. काडेपेटी आपल्याकडं तशी अलीकडची. आधी ती परदेशातून यायची. १९२३ साली स्वीडिश कंपनीनं इथं विमको काढली, अंबरनाथला कारखाना झाला; त्याच सुमारास शिवकाशीतही हा धंदा रुजला. आमची आजी तरीही राखेखाली विस्तव जपायची, काडी मोडायची नाही.

पारावर बिडी ओढणारे जळक्या काड्या टाकत, त्या आप्पा वेचत. काडी सावरीसारख्या मऊ, पांढऱ्या लाकडाची; ब्लेडनं सरळ चिरते. कोरा भाग भिंतींना, जळका खांब-तुळयांना, कारण आमचं सागवान धुरानं तसंच काळं पडलेलं. जळकी काडी ठिसूळ, म्हणून आत कोरी आणि बाहेरून जळक्या. कोळसा फडक्यानं पुसायचा, नाहीतर डिंक धरत नाही. एक काडी म्हणजे दोन हात, हे माप. तुळयांवर आडव्या काड्या आणि त्यावर जुन्या माळवदाचीच पांढरी माती, चाळून.

२०२४ साली फ्रान्समधल्या एकानं सात लाखांवर काड्यांचा ७.१९ मीटर उंच आयफेल टॉवर केला. विक्रमवाल्यांनी आधी तो नाकारला, का, तर काड्या दुकानात मिळणाऱ्या नव्हत्या, बिनगुलाच्या होत्या. नंतर मानला म्हणा. आप्पांच्या काड्यांना त्यांनी काय नाव ठेवलं असतं?

पुढं एका दुष्काळी उन्हाळ्यात पाणी हटलं, जोतं उघडं पडलं. आम्ही चिखल तुडवत गेलो. ढेलजेच्या ओळीत बारा तळखडे सापडले. अकरा खणांना बारा खांब, म्हणजे हिशेब बरोबर. घरी येऊन चुलत्यांनी काड्यांचे खांब मोजले, तेही बारा.

आत्या मात्र मोजायला बसल्या नाहीत. माजघराच्या दारातून बोट घालून म्हणाल्या, "दादा, इथलं बळद राहिलं की रं."

आप्पांनी दुसऱ्या दिवशी ते केलं.