एका बिनमहत्त्वाच्या कपाची गोष्ट

१९९४ च्या वर्ल्ड कपची फायनल मी मध्यरात्री टीव्हीचा आवाज बारीक करून पाहिली होती. घरचे झोपलेले, सकाळी शाळा. ब्राझील विरुद्ध इटली, १२० मिनिटांत शून्य-शून्य. मग पेनल्टी शूटआउट. रॉबेर्तो बाज्जोने मारलेला बॉल बारवरून गेला आणि तो मान खाली घालून तिथंच उभा राहिला. सामना निकालात काढायची ही असली निर्दय पद्धत आधी कुठे वापरून पाहिली असेल, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात होता. या वीकांताला सवड मिळाली, म्हटलं लावूया छडा.

आधी थोडी पार्श्वभूमी. बरोबरी सुटली नाही की पूर्वी सामना पुन्हा खेळवायचे, आणि तेही जमलं नाही तर सरळ छापा-काटा! १९६५ साली युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूल आणि कोलोन यांच्यात तीन सामने होऊनही निकाल लागेना. रॉटरडॅमला शेवटी रेफ्रीने चकती उडवली, तर ती चिखलात उभीच रुतली. पुन्हा उडवली, लिव्हरपूल पुढे. १९६८ च्या युरो स्पर्धेत नेपल्सच्या उपांत्य सामन्यात इटलीने सोव्हिएत संघाला नाणेफेकीवर हरवलं, आणि पुढे ती स्पर्धाही जिंकली. त्याच वर्षी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये इस्रायलचा संघ बल्गेरियाविरुद्ध चिठ्ठी काढून बाहेर गेला. हे इस्रायलींना इतकं लागलं की योसेफ दागान आणि मिखाएल अल्मोग यांनी पेनल्टींची पद्धत सुचवली आणि अल्मोग यांनी ती फिफापर्यंत पोचवली.

कल्पना तशी अगदीच नवी नव्हती. स्पेनमधल्या कादिझ गावी दर ऑगस्टमध्ये रामोन दे कारान्सा करंडक नावाची मैत्रीपूर्ण स्पर्धा व्हायची. तिथे १९६२ सालीच राफाएल बायेस्तेर यांच्या सूचनेवरून बार्सिलोना-सरागोसा अंतिम सामन्याचा निकाल पेनल्टींवर लावला होता. युगोस्लाव्हिया आणि इटलीच्या देशांतर्गत कपांमध्ये तर त्याही आधी असे प्रयोग झाले होते. पण सगळ्या जगासाठी नियम व्हायला २७ जून १९७० उजाडावा लागला.

आणि आता येतो आपला कप. इंग्लंडमध्ये नियम आल्यावर ३९ दिवसांनी तो पहिल्यांदा चालवला गेला, तो वॉटनी कपमध्ये. वॉटनी मान या बिअर बनवणाऱ्या कंपनीने पैसे लावलेली ही स्पर्धा १९७० ते १९७३ अशी जेमतेम चार वर्षं चालली. चारही डिव्हिजनमधून आदल्या मोसमात सर्वांत जास्त गोल मारलेले दोन-दोन संघ घ्यायचे, पण बढती मिळालेले किंवा युरोपात खेळणारे वगळून. एकूण आठ. पहिल्या वर्षी १ ऑगस्टला सुरुवात, ८ ऑगस्टला फायनल, आणि १५ ऑगस्टला लीगचा खरा मोसम सुरू. आठवड्याभरात तीन फेऱ्या म्हटल्यावर पुन्हा सामना खेळवायला दिवस आणणार कुठून? म्हणजे नवा नियम तिथे केवळ हौसेखातर आला नव्हता, त्याची गरज होती.

५ ऑगस्ट १९७०, हल शहरातलं बूथफेरी पार्क. दुसऱ्या डिव्हिजनचा हल सिटी आणि समोर मँचेस्टर युनायटेड. १-१. पहिली पेनल्टी घ्यायला आला जॉर्ज बेस्ट. गोल. युनायटेडकडून चौथा आला डेनिस लॉ, आणि हलचा गोलकीपर इयन मॅकेक्नीने त्याचा फटका अडवला. गंमत म्हणजे हलची शेवटची पेनल्टी घ्यायला हाच मॅकेक्नी पुढे झाला आणि त्याने बॉल बारवर मारला. युनायटेड ४-३ ने जिंकलं आणि तीन दिवसांनी फायनलमध्ये डर्बीकडून ४-१ असा मारही खाल्ला. पण फायनल कोण जिंकलं हे आज फार कुणी सांगत नाही.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. वॉटनी कप म्हणजे चक्क टेस्ट सर्व्हर. १९७१ साली त्याच कपात पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर ऑफसाइड नाही असाही एक प्रयोग करून पाहिला. तो काही पुढे नियम झाला नाही. एक चाललं, एक बारगळलं, आणि कुणाचंही फारसं नुकसान झालं नाही. नव्या गोष्टी अशाच कमी जोखमीच्या जागी करून बघाव्यात, असं लिहून मी हा लेख संपवणार होतो.

पण तसं म्हणताना जीभ अडखळते. काही वर्षांपूर्वी माझा एक मॉड्यूल टेस्ट सर्व्हरवर महिनाभर झकास चालला. महिनाअखेरीला खरी गर्दी आली आणि तो तासाभरात आडवा झाला. कोडचं लॉजिक बरोबरच होतं. आम्ही भार टाकून पाहिलाच नव्हता, आणि रात्रभर ग्राहकांचे फोन घेतले ते सपोर्टच्या पोरांनी.

हलमध्येही तेच झालं. पाच-पाच पेनल्टी, निकाल हमखास, वेळ थोडा: यंत्रणा पास. पण लॉ चुकला तरी युनायटेड जिंकलं, आणि मॅकेक्नी चुकला तो मोसमाआधीच्या एका कपात. हुकणाऱ्या माणसावर काय भार येतो, हे तिथे कळणारच नव्हतं. ते कळलं १९९४ ला पासाडेनात. खरं तर बारेसी आणि मास्सारो हे आधीच हुकले होते, आणि बाज्जोचा गोल झाला असता तरी ब्राझीलची एक पेनल्टी बाकी होती. पण जगाला आठवतो तो बाज्जोच.

मग छापा-काटा परत आणायचा का? मुळीच नाही. नाण्यापुढे खेळाडूच्या हातात काहीच नसतं, इथे निदान त्याच्या पायात असतं. मध्यंतरी गोल्डन गोल आला आणि २००४ नंतर गेलाही. शूटआउट मात्र टिकलं, २०२२ ची वर्ल्ड कप फायनलही त्यावरच सुटली.

असो. रिलीजच्या आधी मी जी यादी तपासतो, तिच्यात तेव्हापासून एक ओळ वाढवली आहे: हे बिघडलं तर निस्तरणार कोण? टेस्ट सर्व्हरकडून याचं उत्तर मिळत नाही. ते आधी त्या माणसालाच जाऊन विचारावं लागतं.