कपाशी : आंतरजातीय संकर

कपाशीच्या एका जातीतील गुण दुसऱ्या जातीत आणून पिकाची जनुकीय विविधता वाढविण्याची पद्धत. गॉसिपियम प्रजातीत सुमारे ५० जाती असून त्यांपैकी चारच पिकवितात : आर्बोरियम व हर्बेशियम या देशी (गुणसूत्रे २६) आणि हिर्सुटम व बार्बाडेन्स या अमेरिकी (गुणसूत्रे ५२). चारही भारतात होतात. जगातील बहुतेक रुई एकट्या हिर्सुटमची. मोजक्याच पूर्वजांतून निवड होत गेल्याने तिच्या वाणांचा जनुकीय पाया अरुंद आहे.

देशी कपाशी पाण्याचा ताण सोसते, तुडतुड्यांना सहसा बधत नाही; पाने मुरडणाऱ्या विषाणुरोगाला तर आर्बोरियम मुळीच दाद देत नाही. हा काटकपणा लांब धाग्याच्या अमेरिकी कपाशीत आणणे फार मोलाचे, पण अतिशय कष्टाचे काम आहे. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी हेरून अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसह पुंकेसरनलिका सोलून काढतात. आतल्या कुक्षीवृंताला इजा झाली की बोंड गेलेच. सकाळी पराग लावतात. तरीही देशी-अमेरिकी संकराचे कोवळे बोंड बहुधा काही दिवसांतच गळते. ते टिकावे म्हणून फुलाच्या बुडाशी संप्रेरकाचे द्रावण लावतात किंवा गर्भ काढून पोषक माध्यमात वाढवितात. जगलेले रोप ३९ गुणसूत्रांचे, म्हणून वांझ. कोल्चिसिनने गुणसूत्रे दुप्पट केली की ते फळू शकते. पुढे हव्या त्या जनकाशी अनेक पिढ्या संकर करीत जावे लागते.

अमेरिकेत बीस्ली यांनी आर्बोरियम व रानटी थर्बेरी यांच्या संकराची गुणसूत्रे दुप्पट करून (१९४०) त्याचा हिर्सुटमशी मेळ घातला. थर्बेरीच्या सरकीवर कातण्याजोगा धागाच नसतो. तरी या तिहेरी संकरातूनच अमेरिकी वाणांना धाग्याची ताकद लाभली. कुचकामी दिसणारी रानटी झाडे जपून ठेवायची ती यासाठी.

तसेच हार्कनेसाय या रानटी जातीच्या पेशीद्रव्यापासून पुंवंध्यत्व (कार्यक्षम पराग न होणे) मिळाले; त्यामुळे संकरासाठी पुंकेसर हाताने सोलावे लागत नाहीत.

भारतात सी. टी. पटेल यांचा सुरतचा एच-४ (१९७०) हा व्यापारी लागवडीचा जगातील पहिला संकर. तो हिर्सुटमच्याच दोन वाणांचा. धारवाडला कटारकी यांनी काढलेली वरलक्ष्मी (१९७२) हिर्सुटम व बार्बाडेन्स यांची. बीटी संकरांनी (२००२ पासून) शिवारातील विविधता कितपत घटली, याबाबत मतभेद आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पीए २५५ (परभणी तुराब) यांसारखे लांब धाग्याचे देशी वाण दिले.