हा बँजो मिरवणुकीतला नव्हे! काय आहे अमेरिकेचं ‘ओल्ड-टाइम’ संगीत?

गणपतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी बटणं दाबून वाजवते, तो हा बँजो नव्हे. अमेरिकेतला बँजो गोल, कातडं ताणलेला, लांब दांडीचा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी भोपळ्याच्या तंतुवाद्यांवरून तो घडवला. युरोपातून आलेल्या फिडलशी (म्हणजे व्हायोलिनच, ढब वेगळी) त्याची जोडी जमली आणि दक्षिणेकडच्या राज्यांत नाचासाठीचं ‘ओल्ड-टाइम’ संगीत रुजलं.

यात सोलोला फारसं महत्त्व नाही. सगळे गोल करून बसतात आणि एकच धून कितीतरी वेळ घोळवतात. फिडल चाल धरतं. ‘क्लॉहॅमर’ पद्धतीत बँजोवादक नखाने तारेवर खाली आघात करतो, अंगठ्याने आखूड पाचवी तार छेडतो आणि ठेका धावत राहतो. शिकायचं ते कानाने. नवख्याने आधी ऐकावं, मग हळूच सूर मिसळावा. एका धुनेचा कंटाळा येईल असं वाटतं, पण खरी गंमत त्या आवर्तनांतच आहे.

१९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी बाजार वर्णावरून वाटला: गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’, कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’. त्यात कृष्णवर्णीय फिडल-बँजोवादकांना जागा जवळपास उरलीच नाही आणि बँजो गोऱ्यांचाच, असा समज पक्का झाला. नॉर्थ कॅरोलिनातल्या जो थॉम्पसन यांच्याकडे मात्र घरातून आलेल्या धुना शाबूत होत्या. २००५ मध्ये, ऐंशी ओलांडलेल्या थॉम्पसन यांच्याकडे रियानन गिडन्स आणि तिचे साथीदार शिकायला जाऊ लागले. त्यांच्या ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं. थॉम्पसन २०१२ मध्ये गेले.