केशराचे मूळ कुठले?

केशराचे रोप रानात कुठेही आपोआप उगवत नाही. ते फक्त माणसाने लावलेल्या शेतात आढळते. मग ते आले कुठून?

केशर म्हणजे क्रोकस सॅटिव्हस या वनस्पतीच्या फुलातील वाळवलेली लाल कुक्षी. एका फुलात असे तीनच तंतू असतात. त्यामुळे एक ग्रॅम केशरासाठी सुमारे १५० फुले खुडावी लागतात.

बी का धरत नाही?

क्रोकसच्या बहुतेक रानटी जातींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. केशरात मात्र आठ-आठ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण २४ गुणसूत्रे आहेत. परागकण आणि बीजांडे तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून केशर वांझ राहते. त्याची लागवड कंदांपासूनच होते.

पूर्वजाचा शोध

तीन संच दोन वेगवेगळ्या जातींच्या संकरातून आले असावेत, असे अनेकांना वाटत होते. क्रोकस पलासी, क्रोकस थोमासी अशा जातींची नावे पुढे येत होती. २०१९ मध्ये जर्मनीतील गाटर्सलेबेन आणि ड्रेस्डेन येथील संशोधकांनी डीएनए व गुणसूत्रे तपासली. तिन्ही संच क्रोकस कार्टराइटियानस या एकाच जातीचे निघाले. ही १६ गुणसूत्रांची जात ग्रीसमध्ये रानात वाढते. केशराशी सर्वांत जवळचे साम्य अथेन्सभोवतीच्या ॲटिका भागातील रोपांत दिसले. याच जातीच्या दोन रोपांच्या मीलनात एकाकडून एकाऐवजी दोन संच आले की तीन संचांचे रोप तयार होऊ शकते.

ग्रीसचा संबंध पुरातत्त्वातूनही दिसतो. सँटोरिनी बेटावरील अक्रोतिरी येथे सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रांत क्रोकसची फुले वेचणाऱ्या स्त्रिया आहेत.

याचा उपयोग काय?

कंदांपासून वाढल्याने इराण, स्पेन आणि काश्मीरमधील पांपोर येथील केशर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखेच आहे. साहजिकच कंदकूज किंवा बदलते हवामान यांना तोंड देऊ शकेल असे वेगळे वाण त्यातून निवडायला फारसा वाव नाही. वांझ असल्याने संकरही करता येत नाही. मात्र पूर्वज जात सुपीक आहे आणि तिच्यात विविधता आहे. तिच्या रोपांपासून तीन संचांचे नवे केशर घडवण्याचा मार्ग आता मोकळा आहे. त्यासाठी ग्रीसच्या टेकड्यांवरची ही रानफुले टिकायला हवीत.