मुलांसाठी ई-रीडर निवडताना : पडदा, लिपी आणि पुस्तकांची मालकी

नवी दिल्ली : मुलांच्या हाती मोबाइलऐवजी ई-रीडर द्यावा, असा विचार करणारे पालक बहुधा प्रथम किमतींची तुलना करतात. मात्र हे उपकरण रोज वापरले जाईल की कपाटात पडून राहील, हे पडद्याचा प्रकार, देवनागरी अक्षरांची सुवाच्यता आणि मिळू शकणारी पुस्तके या तीन बाबींवर अधिक अवलंबून असते.

पडदा
ई-इंक पडद्यात विद्युतभारित काळे व पांढरे सूक्ष्म कण असतात. ते वरखाली सरकून अक्षरे उमटवतात. अक्षरे स्थिर असताना पडद्याला वीज लागत नसल्याने एकदा चार्ज केलेले उपकरण काही आठवडे चालू शकते. टॅबलेटचा पडदा प्रकाश थेट डोळ्यांकडे टाकतो, तर ई-रीडरमधील दिवा पडद्याचा पृष्ठभाग उजळतो. बोस्टन येथील संशोधकांनी २०१४ मध्ये १२ प्रौढांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वी टॅबलेटच्या प्रकाशमान पडद्यावर वाचन केल्यास छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप उशिरा लागते, असे त्यात आढळले. त्यामुळे रात्री वाचणाऱ्या मुलांसाठी दिव्याची तीव्रता कमी करता येणारे उपकरण घ्यावे.

मुलांसाठी ६ ते ७ इंचांचा आणि प्रतिइंच ३०० पिक्सेलचा पडदा सोयीचा ठरतो. रंगीत ई-इंक पडद्यांवर रंगीत चित्रांची सुस्पष्टता साधारणतः १५० पिक्सेलपर्यंत खाली येते. चित्रमय पुस्तकांच्या वयातील मुलांना म्हणूनच छापील पुस्तकेच द्यावीत. सलग मजकूर स्वतः वाचू लागलेल्या मुलांना ई-रीडर अधिक उपयोगी पडतो.

लिपी
किंडलवर मराठी पुस्तकांची विक्री २०१६ मध्ये सुरू झाली. कोणतेही उपकरण घेण्यापूर्वी त्यावर मराठी पुस्तकाचे एखादे पान उघडून पाहावे. ‘दऱ्या’, ‘उद्घाटन’, ‘ॲप’ यांसारख्या शब्दांतील जोडाक्षरे व चिन्हे तुटत नाहीत ना, आणि अक्षरांचा आकार वाढवल्यावर ओळी नीट जुळून येतात ना, हे तपासावे.

पुस्तके
प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मंचावर मराठी बालकथा विनामूल्य उपलब्ध आहेत. इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे मराठी पुस्तकांचे दुकान जवळ नसलेल्या कुटुंबांसाठी हा स्रोत मोलाचा आहे. ईपब स्वरूपातील पुस्तके कोबोवर थेट वाचता येतात. किंडलवर ती ‘सेंड टू किंडल’ सेवेद्वारे पाठवावी लागतात. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फायलींचा मजकूर मात्र पडद्यानुसार जुळवून घेत नाही. मोठ्या पानांची अक्षरे लहान पडद्यावर बारीक दिसतात. केवळ पाठ्यपुस्तकांसाठी ६ इंची ई-रीडर घेणे त्यामुळे योग्य नव्हे.

मालकी
विकत घेतलेले ई-पुस्तक बहुतांश वेळा वाचनाचा परवाना असतो. २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून टाकली होती. कंपनीने नंतर दिलगिरी व्यक्त केली. खरेदी केलेली पुस्तके संगणकावर उतरवून यूएसबीद्वारे किंडलवर नेण्याची सोयही कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. थोरल्याचे पुस्तक धाकट्याला किंवा मित्राला देण्याची मुभा इथे गृहीत धरता येत नाही. म्हणून घरातील सदस्यांमध्ये पुस्तके वाटून घेण्याची सोय आहे का, हे आधीच पाहावे.

इतर बाबी
दुकान आणि ब्राउझर सांकेतिक क्रमांकाने बंद करता येतात का, हे तपासावे. अन्यथा पालकांच्या खात्यातून नकळत खरेदी होऊ शकते. पाण्याचा धोका असल्यास आयपीएक्स८ मानांकन उपयुक्त ठरते. नुसत्या मजकुराच्या पुस्तकांना जागा कमी लागत असल्याने अधिक साठवणक्षमतेसाठी जादा पैसे मोजण्याची सहसा गरज नाही. त्या रकमेतून टिकाऊ आवरण आणि मुलाच्या आवडीची दोन-चार पुस्तके घेता येतील.