पिंपळे सौदागर : एका गावाची जमीन आणि तिची वाटणी

पवना नदी मावळातील डोंगरांत उगम पावून दापोडीजवळ मुळेस मिळते. या संगमाच्या अलीकडे, पुण्याच्या वायव्येस, पवनेच्या काठी पिंपळे सौदागर हे गाव वसलेले आहे. पिंपळे गुरव आणि पिंपळे निलख ही त्याची शेजारची गावे होत. एकाच नावाची गावे परस्परांपासून ओळखता यावीत म्हणून उपपदे लावण्याची महाराष्ट्रातील पद्धत येथे स्पष्ट दिसते. 'पिंपळे' हे नाव वृक्षावरून पडलेले दिसते, 'गुरव' हे देवळाच्या पुजाऱ्याचे नाव, तर 'सौदागर' हा व्यापारीवाचक फारसी शब्द आहे.

गावाच्या इतिहासाचा पाया भूमीत आहे. येथील खडक दख्खनच्या पठाराचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. नदीच्या बाजूस खोल काळी माती आणि चढाकडे मुरमाड, उथळ माळजमीन असा या प्रदेशाचा सर्वसाधारण क्रम आहे. बाजरी व ज्वारी ही मुख्य पिके. विहिरीच्या पाण्यावर थोडी बागाईत. जमिनीची प्रत पावलोपावली बदलत असल्यामुळे वाटणीच्या वेळी प्रत्येक भावाला प्रत्येक प्रतीचा हिस्सा मिळाला पाहिजे हा आग्रह स्वाभाविक होता. पुढील अनर्थाचे एक मूळ या न्यायबुद्धीतच आहे.

पुणे येथील शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या गावाची पाहणी केली व तिचा वृत्तांत १९१७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यांनी जुन्या कागदांवरून काढलेले आकडे पुढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. गावातील खात्याचे सरासरी क्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते; १८१८ मध्ये ते १७½ एकर झाले; १८२० ते १८४० या काळात १४ एकर आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७ एकर उरले.

या आकड्यांचा अर्थ सामान्यतः असा लावला जातो की, इंग्रजी अमलाने शेतकऱ्याच्या जमिनीचे तुकडे केले. परंतु क्रम बारकाईने पाहिल्यास ही उपपत्ती अपुरी ठरते. सर्वांत मोठी घट १७७१ ते १८१८ या ४७ वर्षांत, म्हणजे पेशवाईतच झालेली आहे. ती केवळ लोकसंख्येच्या वाढीमुळे झाली असेही म्हणता येत नाही. कारण याच काळात १८०२ मध्ये होळकरांच्या स्वारीने व १८०३-०४ च्या दुष्काळाने पुणे प्रांत उद्ध्वस्त झाला होता.

येथे शब्दार्थाचा विचार उपयोगी पडतो. जुन्या व्यवस्थेत जमिनीचे मूळ मान 'थळ' हे होते. थळ एका कुळाचे, आणि कुळाचे नाव त्यास चिकटलेले असे. वंश खुंटला तर ती जमीन 'गतकुळ' म्हणून नोंदली जाई. मिरासदार थळाचा धनी, तर उपरी केवळ कसणारा. एकत्र कुटुंबातील अनेक भाऊ एकाच नावाखाली नांदत. याउलट, १८३६ साली इंदापुरापासून सुरू झालेल्या रयतवारी मोजणीनंतर 'खातेदार' म्हणजे सरकारास साऱ्याबद्दल स्वतंत्रपणे जबाबदार असलेली व्यक्ती. तेव्हा १७७१ चे खाते आणि १९१५ चे खाते ही सारख्याच अर्थाची मापे धरता येणार नाहीत. आकड्यांतील घट काही अंशी जमिनीची आहे, काही अंशी 'खाते' या शब्दाच्या बदललेल्या अर्थाची आहे.

तथापि याचा अर्थ हलाखी काल्पनिक होती असा नव्हे. मॅन यांच्या पाहणीच्या वेळी १५६ जमीनधारकांकडे सातशेहून अधिक तुकडे होते; त्यांपैकी ४६३ तुकडे एका एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान होते. अशा पट्टीत औत वळविणेही कठीण. पाहिलेल्या १०३ कुटुंबांपैकी केवळ ८ कुटुंबांचा निर्वाह निव्वळ शेतीवर होत असे. २८ कुटुंबे बाहेरच्या मजुरीची जोड देऊन तोंडमिळवणी करीत. उरलेल्या ६७ कुटुंबांना तेही साधत नसे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ होता म्हणून मजुरी तरी मिळे. मॅन यांनी पुढे अभ्यासलेल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावात अशा बुडीत कुटुंबांचे प्रमाण याहूनही अधिक, शेकडा ८५ च्या आसपास आढळले. नगराच्या सान्निध्याने पिंपळे सौदागरला काही काळ तारले, हे या तुलनेवरून दिसते.

त्याच सान्निध्याने पुढे शेतीच संपविली. १९५४ साली पिंपरीस प्रतिजैविकांचा कारखाना सुरू झाला, औद्योगिक वसाहत वाढली आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. आज हे गाव तिच्या हद्दीत असून जुन्या शिवारावर उंच इमारती उभ्या आहेत. तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. पण नांगरास निरुपयोगी झालेली पट्टी घरबांधणीस मोलाची ठरेल, ही शक्यता त्या कायद्यामागील विचारात नव्हती.

गावठाण, शीव, पांढरी, काळी हे शब्द मात्र टिकून आहेत. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. ग्रामजीवनाचा सारा भूगोल या दोन शब्दांत सामावलेला होता. येथे पांढरीने काळी व्यापिली आहे. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणूनच दप्तरातील आकडा वाचण्यापूर्वी त्या आकड्यापुढील शब्दाचा तत्कालीन अर्थ निश्चित केला पाहिजे. अन्यथा चाळीस एकरांचे सुखी खाते हे वास्तवापेक्षा वाचकाच्या कल्पनेतच अधिक राहील.