भिलाईचा कामगार लढा आणि पुनर्स्थापक न्यायाचा प्रश्न

गुन्हा घडल्यानंतर न्यायालयासमोर साधारणतः तीन प्रश्न येतात : कोणता कायदा मोडला गेला, तो कोणी मोडला आणि त्याला कोणती शिक्षा द्यावी? पुनर्स्थापक न्यायाच्या विचारात हा क्रम बदलतो. नुकसान कोणाचे झाले, त्याची गरज काय आणि ती भागविण्याची जबाबदारी कोणाची, हे तेथे प्रथम विचारले जाते. छत्तीसगढमधील भिलाई या पोलादनगरीत १९९० च्या दशकात जे घडले, त्यात या दोन दृष्टींमधील अंतर विशेष स्पष्टपणे दिसते.

सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या भिलाई पोलाद प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. प्रकल्पाच्या आधाराने परिसरात अनेक खासगी कारखाने उभे राहिले. सार्वजनिक क्षेत्रातील कायम कामगाराला घर, दवाखाना, शाळा मिळाली; खासगी कारखान्यांतील कंत्राटी कामगाराच्या वाट्याला मात्र तुटपुंजी मजुरी आणि असुरक्षितता आली. या कामगारांना संघटित करण्याचे काम शंकर गुहा नियोगी यांनी हाती घेतले. दल्ली राजहरा येथील खाण कामगारांची संघटना त्यांनी १९७७ मध्ये उभी केली होती आणि कामगारांच्या वर्गणीतून व श्रमातून १९८३ मध्ये तेथे शहीद रुग्णालय सुरू झाले होते. 'संघर्ष आणि निर्माण' हे त्यांच्या छत्तीसगढ मुक्ती मोर्चाचे सूत्र होते.

भिलाईतील मागण्या साध्या होत्या : कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन, कामाच्या ठिकाणी सुरक्षितता. आंदोलन सुरू होताच चार हजारांहून अधिक कामगारांना कामावरून काढण्यात आल्याचे संघटनेचे म्हणणे होते. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील निवासस्थानी झोपेत असताना नियोगी यांची गोळी घालून हत्या झाली. त्यानंतर १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस रेल्वे स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात किमान १६ जण मृत्युमुखी पडले.

हत्येचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने केला. दुर्ग येथील सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये पलटन मल्लाह याला फाशीची आणि अन्य पाच जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. त्या पाच जणांत उद्योजकही होते. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांना निर्दोष मुक्त केले. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००५ रोजी मल्लाह याला दोषी धरून जन्मठेप दिली. इतरांची मुक्तता कायम राहिली.

हत्येनंतर तेरा वर्षांनी, तीन न्यायालयांतून गेल्यावर, गोळी कोणी झाडली एवढ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. कामावरून काढलेल्यांचे काय, रुळांवर मरण पावलेल्यांच्या कुटुंबांनी काय गमावले, हे प्रश्न त्या खटल्याच्या कक्षेतच नव्हते. हा न्यायाधीशांचा दोष म्हणता येणार नाही. फौजदारी खटल्याची रचनाच अशी आहे की, त्यात शासन एका बाजूला आणि आरोपी दुसऱ्या बाजूला असतो. पीडित हा केवळ साक्षीदार ठरतो.

ही रचना बदलण्याचे प्रयत्न अन्यत्र आधी झाले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १९७४ मध्ये मालमत्तेची नासधूस केलेल्या दोन तरुणांना पीडितांच्या दारी नेऊन भरपाईबाबत बोलणी करविण्यात आली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बालगुन्हेगारीत कुटुंबबैठकीची पद्धत आणली. भारतात न्या. मलिमथ समितीने २००३ मध्ये पीडितांना खटल्यात अधिक स्थान देण्याची शिफारस केली. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७ अ समाविष्ट होऊन ३१ डिसेंबर २००९ पासून राज्यांना पीडित भरपाई योजना आखणे बंधनकारक झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कलम ३९६ मध्ये आहे. मात्र भरपाईचा धनादेश आणि समोरासमोरचा जाब या दोन भिन्न गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम याच विचाराच्या जवळची. बांधाचे, वाटणीचे वाद तिने गावातच मिटविले. परंतु तडजोड न्याय्य ठरण्यासाठी दोन्ही पक्षांना नकार देण्याचे बळ हवे. जमीनदार आणि मजूर, सवर्ण आणि दलित यांच्या वादात ते नसते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हे तडजोडयोग्य नाहीत, त्यामागे हेच कारण दिसते.

भिलाईत हे बळ दूरवरच्या संपर्कातून आले. शहीद रुग्णालयाच्या उभारणीत सहभागी असलेले डॉ. विनायक सेन यांना १४ मे २००७ रोजी अटक झाली, तेव्हा इंटरनेटच्या आधारे देशोदेशींचे डॉक्टर व विद्यार्थी त्यांच्या सुटकेसाठी एकत्र आले. २२ नोबेल विजेत्यांनी २००८ मध्ये त्यांच्यासाठी आवाहन केले. तो लढा एका व्यक्तीच्या मुक्ततेचा होता. भिलाईलगतच्या जामुल येथील सिमेंट कारखान्यात मात्र अशाच संपर्कजाळ्याचा उपयोग नुकसान भरून काढण्यासाठी झाला.

जामुलचे कंत्राटी कामगार प्रगतिशील सिमेंट श्रमिक संघात संघटित होते. वकील सुधा भारद्वाज त्यांच्यासोबत काम करीत. न्यायालयीन लढाई लांबत गेल्यावर संघाने २०१२ मध्ये कंपनीच्या मूळ देशाकडे, स्वित्झर्लंडकडे मोर्चा वळविला. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तेथील राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार करण्यात आली. या केंद्राला शिक्षा ठोठावण्याचा अधिकार नाही; दोन्ही पक्षांना बोलणीसाठी बसविणे एवढेच त्याचे काम. स्वित्झर्लंडमधील सहयोगी संघटना आणि इंडस्ट्रिऑल हा जागतिक कामगार महासंघ यांनी विषय तेवत ठेवला. जानेवारी २०१६ मध्ये व्यवस्थापन आणि संघ यांच्यात करार झाला. करार जामुलच्या कामगारांपुरता होता; १९९० च्या दशकात भिलाईच्या इतर कारखान्यांतून काढलेले कामगार त्याच्या कक्षेत नव्हते.